सकाळचं माप, संध्याकाळचं पोट

दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी सुनेला म्हणाले, "मी काय लिहू गं? बायकांच्या पाठी बघण्यात जन्म गेला."

ज्योती हूक लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग पाठीवरच लिहा की, आत्याबाई."

पण पाठीवर लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. पाठ इमानदार असते. विशीत जशी, तशीच थोडीफार साठीत. बदलतं ते पोट, आणि तेही असं की सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. वडीगोद्रीत हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाला लागून, पत्र्याच्या एका खोलीत मी चाळीसेक वर्षं ब्लाउज, परकर आणि गाऊन शिवले. त्यातली निम्मी वर्षं मला एवढी साधी गोष्ट कळली नव्हती. उरलेली निम्मी ती दुसऱ्यांच्या गळी उतरवण्यात गेली. आता सुईत दोरा ओवता येत नाही. मशीन सुनेकडे गेली आणि मी दुकानात नुसती इकडून तिकडे फिरते. एका जागी बसवत नाही. मशीनवर निदान पाय तरी हलायचे. हे पहिलं पान लिहिताना मी तीनदा उठून रस्त्यावर जाऊन आले, काही काम नसताना.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टेप लावला, माप घेतलं, शिवला ब्लाउज. तसं नसतं. आमच्याकडे बाई नव्या कापडाबरोबर अंगाला बसलेला एक जुना ब्लाउज देते. तो मापाचा ब्लाउज. तो पसरायचा आणि त्यावरून कापायचं. अंगाला टेप क्वचित लावावा लागतो आणि ते बरंच आहे, कारण टेप कमरेभोवती गेला की जगातली प्रत्येक बाई श्वास रोखून पोट आत ओढते. तिला वाटतं, टेलरला फसवलं. फसतं ते कापड. म्हणून शहाणा टेलर आतून दोन्ही बाजूंना दोन बोटं जास्तीचं कापड सोडतो आणि तिथं एकमेकींना लागून दोन-तीन शिलाया घालतो. अंग भरलं की एक शिलाई उसवायची. ह्या जास्तीच्या कापडाला धंद्यात माया म्हणतात.

तिशीतली मी माया सोडायची, पण मोजून. मी म्हणजे तेव्हा एक नगच होते. अंबडला शिवणक्लास केलेला, पदवी मिळाल्यासारखी मान ताठ. दुकानात पुठ्ठ्यावर लिहून लावलं होतं: 'मापाच्या ब्लाउजाप्रमाणे शिवले जाईल. नंतर तक्रार चालणार नाही.' खाली सही सुद्धा केली होती, जशी काही मी तहसीलदार.

आणि तक्रारी यायच्या त्या नेमक्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांच्या. दिवस मावळताना यायच्या, पदराखाली दोन हूक उघडे टाकून. "सरूबाई, सकाळी घातला तेव्हा बराबर बसला. आता बघा, जीव घुसमटून राह्यला."

मी म्हणायची, "ब्लाउज उन्हानं आटतो का काकू? जिभेला आवरा जरा, ब्लाउज आपोआप बसंल."

त्या बिचाऱ्या हसायच्या. मला वाटायचं, काय विनोदी बोलते मी. ह्याच बायका अस्तर सुती मागायच्या, गळा मोठा मागायच्या, बाही आखूड मागायच्या. मी ज्योतीच्या सासऱ्यांना सांगायची, "म्हातारपणी फॅशन सुचून राह्यली सगळ्यांना." त्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या, हे मला कळायला माझ्या अंगातून निघाव्या लागल्या.

दुकानात आणखी एक कपडा शिवला जायचा, त्याला आम्ही दवाखान्याचा गाऊन म्हणायचो. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवी म्हणतात. जिला पिशवी काढायची असेल ती ऑपरेशनच्या आधी तीन-साडेतीन मीटर सुती कापड घेऊन यायची आणि हळू आवाजात सांगायची, "मोकळा शिवा. पुढून बटनं. नाडी नको." बाही सैल, सलाईन लावताना वर सरकली पाहिजे. पोटावर शिवण येऊ द्यायची नाही. मी हे गाऊन सगळ्यात आधी हातात घ्यायची. ब्लाउजाला चार दिवस इकडचे तिकडे झाले तरी दवाखान्याचा गाऊन दिलेल्या दिवशी हजर. त्याचा मला केवढा अभिमान.

माझ्या मोठ्या जाऊबाई, कौसाबाई, त्यांचाही गाऊन मीच शिवला. त्यांचं दुखणं काय, तर पोट फुगायचं, छातीत जळजळायचं, शौचाला साफ व्हायचं नाही, झोप नाही, रडू यायचं. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी चार. चार बायका ओट्यावर बसल्या आणि त्यांनीच निकाल दिला की पिशवी खराब झाली. डॉक्टरला उगीच बोल लावायचा नाही मला. आम्ही बायकाच त्याच्यापुढं जाऊन बसायचो की काढून टाका एकदाची, कटकट नको. मी गाऊन शिवला आणि गळ्याला लेस लावली. लेस. ऑपरेशनच्या गाऊनला. इतकी हौस.

पुढं टाके भरले, कौसाबाई हिंडूफिरू लागल्या. एक दिवस दुकानात स्टुलावर बसल्या आणि एवढा मोठा ढेकर दिला की बाहेरचा पंक्चरवाला वळून बघायला लागला. म्हणाल्या, "सरू, पिशवी गेली. हवा हितंच राह्यली बघ." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. मग जाताना दारात थांबून म्हणाल्या, "तू बी गाऊन लय जल्दी शिवला." हे त्यांनी हसतच म्हटलं होतं. आता त्या नाहीत. पण टाचणी कापडात विसरून राहावी आणि कधीतरी बोटाला लागावी, तसं ते वाक्य मला अजून लागतं.

माझी पाळी पन्नाशीच्या अलीकडे गेली आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. आजवर कुठलाही उपवास धरावा तर उद्यापनालाच अडचण यायची. आता बाई मोकळी. देवाला तोंड दाखवायला कधीही हजर. आमच्याकडे बहुतेक बायका हेच करतात. पाळी जाते आणि त्या जागी उपवास येतात. मी सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी धरली, दोन्ही एकादश्या धरल्या. अर्धा महिना साबुदाणा, भगर, बटाटा, शेंगदाणे आणि वर चहा. पोट गच्च झालं की सकाळी मिसरी. ही तंबाखू भाजून केलेली काळी पूड. दाताला लावली की शौचाला लागतं, म्हणून आमच्या कितीतरी बायका लावतात. एकदा लावायची ती दोनदा झाली, मग जेवणानंतर झाली. त्यानं भागेना म्हणून झोपताना चूर्ण. मग चूर्णाशिवाय काही हलेना. अंगात वाफा, पोटात नगारा, हातात इस्त्री. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि मी मशीन जोरात चालवायची, का, तर पोटाचा आवाज ऐकू जाऊ नये.

अंगारकीला राजूरच्या गणपतीला गेल्ते. रांग हलेना. सकाळपासून दोनदा साबुदाणा झालेला. पदराखाली एक हूक काढला, दुसरा काढला, गाभाऱ्यापर्यंत ब्लाउज नावालाच अंगात. शेवटी आम्ही दोघं समोरासमोर आलो, देव आणि मी, आणि दोघांची पोटं सारखी. फरक एवढाच की त्याला शोभत होतं. ज्या ब्लाउजाचे हूक मी काढले तो माझ्याच हातचा होता, माझ्याच मापाचा, माया मोजून सोडलेला. पुठ्ठ्यावरची पाटी मी दुसऱ्या दिवशी काढली आणि चुलीत घातली.

अंबडला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाडी बघायच्या आधी विचारलं, सकाळपासून काय काय खाता ते सांगा. मी मोठ्या भक्तिभावानं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं पोट उपाशीही आहे आणि भरलेलंही आहे." मग नीट समजावलं. पाळी जाताना अंगातले जे रस कमी होतात, त्यांचा संबंध नुसत्या पिशवीशी नसतो. आतड्याची चाल त्यानं मंदावते, झोप उडते, जीव उगाच धास्तावतो, आणि जीव धास्तावला की पोट पुन्हा बिघडतं. हा रोग नाही, बदल आहे. पण त्यात साबुदाण्यासारखं बिनचोथ्याचं खाल्लं, पाणी प्यायलं नाही, चहावर दिवस काढला, तर बदलाचा रोग व्हायला वेळ लागत नाही. भाकरी, पालेभाजी, ताक, जेवणाची वेळ, चालणं. चूर्ण हळूहळू सोडायचं, मिसरी तर सोडायचीच.

मिसरी मी सोडली. पुष्कळ वेळा सोडली.

उठताना त्यांनी बोट दाखवून दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या मी पाठ करून ठेवल्या. पाळी वर्षभर बंद होऊन पुन्हा अंगावरून गेलं तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. आणि पोट फुगलेलं सकाळीही उतरत नसेल, भूक मरत असेल, अंग झिजत असेल, तर गॅस गॅस म्हणून घरी बसायचं नाही. टेलरला सकाळ-संध्याकाळचा हिशेब बरोबर समजला. तेव्हापासून आमच्या दुकानात चाळिशीपुढच्या बाईचं परकराचं माप सकाळी घेतात, रात्रीत पोट उतरतं का ते कळावं म्हणून, आणि माया तीन बोटं सोडतात.

आता छायाबद्दल सांगते. खरं म्हणजे तिच्याबद्दल सांगायलाच बसले होते, मध्येच माझंच पोट आडवं आलं.

छाया इथल्याच वस्तीवरची. सत्तेचाळीसच्या आसपासची, कामाला वाघीण, बोलायला कमी. दोन-तीन वर्षांमागच्या श्रावणात ती फिकट निळं, बारीक पांढऱ्या फुलांचं कापड घेऊन आली. म्हणाली, "मावशी, मोकळा शिवा. पुढून बटनं."

मी पुढचं वाक्य तिच्या आधी म्हटलं. "नाडी नको."

तिनं कापड माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाली, "आईनं हसनाबादहून धाडलं कापड. दवाखान्यात माहेरचं अंगावर असावं म्हणती. पोळा झाला की तारीख हाय."

"डॉक्टर काय म्हणले?"

"गोळ्या दिल्या. मशीनवर पोटाचा फोटो काढून मंग बघू म्हणले. पण आमच्या शेजारणीच्या भावजयीनं काढली, तिला आराम पडला. मंग दुसरीकडं ओळखीनं तारीख घेतली."

"दुखतं कुठं?"

तिनं पदर बाजूला केला. "हे बघा की."

पोट होतं खरं. आणि मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यात लेकीचं लग्न झालं. लेकीच्या सासरी सत्यनारायणाला गेली, तर तिथली एक पाहुणी भरल्या ओसरीत म्हणाली, "इहीणबाई, लेकीच्या आधी तुमचंच डोहाळजेवण घालावं लागतंय का काय?" ओसरी हसली. जावई दारात उभा होता. छायाही हसली, प्रसाद खाल्ला, घरी आली आणि त्या दिवसापासून बाहेरच पडली नाही. वाफा, जळजळ, झोप नसणं, ते सगळं तिनं वर्षभर सोसलं होतं. ते एक वाक्य तिला सोसवेना.

"पिशवी गेली की पोट सपाट होतंय ना मावशी?"

मला कौसाबाईंचा ढेकर ऐकू आला. पण मी टेलर. पोटात काय आहे ते टेपला दिसत नाही. काढू नको म्हणावं आणि आत खरंच काही वंगाळ निघालं तर? काढ म्हणावं आणि हवा तिथंच राहिली तर? मी कापड घेतलं, कोपऱ्यावर खडूनं खूण केली आणि म्हणाले, "उद्या सकाळी चहा घ्यायच्या आत ये. माप लागंल."

"मोकळाच तर शिवायचा हाय."

"मोकळ्याला बी माप असतं."

सकाळी आली. टेप लावला, तिनं पोट आत ओढलं. मी पोटात बोट टोचलं, "सोड." सोडलं. दिवस मावळताना पुन्हा बोलावलं. सकाळचं आणि संध्याकाळचं, दोन्ही मापांत चांगला चार बोटांचा फरक. मला जरा धीर आला, कारण उतरणारं पोट होतं. मग तिला मी तेच विचारलं जे मला डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, सकाळपासून काय काय खातेस. उठल्यावर मिसरी, चहा, पुन्हा चहा, अकरापर्यंत काही नाही, श्रावणातले सोमवार, शुक्रवार, शनिवार, साबुदाणा. अंगात रक्त कमी होतं म्हणून कॅल्शियमच्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या, त्यानं शौचाला आणखी घट्ट. आणि पाणी? दिवसभर वावरात असताना पाणीच पीत नव्हती.

"का गं?"

"पिऊन जायचं कुठं? सगळीकडं गडी माणसं. एक झाड न्हाई."

मी तिला म्हणाले, जालन्याला सरकारी दवाखान्यात जा, फोटो काढ, बाईडॉक्टरला सगळं सांग आणि मग काय ते कर. ती म्हणाली, तारीख घेतलीय, ओळखीचा माणूस नाराज होईल. माझं बोलणं तिच्या कानाला शिवलं पण आत गेलं नाही. म्हणून मग मी तेच केलं जे जगातला प्रत्येक टेलर करतो आणि जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. मी गाऊन उशिरा द्यायला सुरुवात केली.

गाऊन खरं तर दुसऱ्याच दिवशी शिवून झाला होता. हाताची सवय, थांबवत नाही. मागच्या पडद्याआड खुंटीला अडकवून ठेवला आणि छाया आली की सांगायचं, बटनं मॅच होईनात. पुढच्या खेपेला, मशीनचा पट्टा तुटला. मग लाईट न्हाई, इस्त्री बिघडली. ज्योती माझ्याकडे बघत राहायची. छाया गेली की म्हणायची, "आत्याबाई, तुमच्या तोंडून हे ऐकायला लय मजा येती. मी उशीर केला तर तुम्ही घर डोक्यावर घेता."

मजा माझी मलाच येत नव्हती. छाया येऊन गेली की मी उठून रस्त्यावर जायची, परत यायची, कात्री उचलायची, ठेवायची. पोळा जवळ येत चाललेला. वाटायचं, आपण कोण हिचं लांबवणारे? गाऊन देऊन टाकावा. पडद्यापर्यंत जायची आणि परत यायची. प्रत्येक खेपेला छायाला मात्र तेच सांगायची की तोवर जालन्याला जाऊन ये, तोवर साबुदाणा बंद कर, देवाला भाकरी खाऊन नमस्कार केला तर तो काय पुष्पहार परत देतो का.

पोळ्याची तारीख हुकली. ओळखीच्या माणसानं पुढची दिली. छायानं मला तसं सांगितलं, काही रागावली नाही. मग एका सकाळी चहाच्याही आधी आली आणि म्हणाली, "आज मालकासंगं जालन्याला जाऊन येते. फोटो काढून घेते. बटनं येईपर्यंत."

तो दिवस मी कसा काढला ते ज्योतीला विचारा. दुकान झाडलं, पुन्हा झाडलं. दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावली आणि मोडली. प्रत्येक एसटी थांबली की दारात. जळजळायला लागलं, ताक प्याले, तरी जळजळ. मनात सारखं एकच, की काही वंगाळ निघालं तर ती पोळ्यालाच मोकळी झाली असती, आणि आपण बटनं शोधत बसलो. हात रिकामे नकोत म्हणून एका मास्तरीणबाईंचा ब्लाउज शिवायला घेतला. तो पुरा झाल्यावर ज्योतीनं उचलून बघितला.

"आत्याबाई, ह्याच्या दोन्ही बाह्या डाव्याच हायेत."

"मंग डावखुरीला दे."

ती हसली नाही. माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

दिवेलागणीला छाया उतरली. रस्ता ओलांडताना तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती पहिल्यापासूनच तशी. येऊन स्टुलावर बसली. म्हणाली, पिशवी बरी आहे. आत एक छोटी गाठ आहे, साधी. पाळी जायच्या वयात अशा गाठी बहुतेक आपोआप सुकतात, आज काढायचं कारण नाही, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. फुगतंय ते पोट. म्हणजे आतडं.

"आणिक काय म्हणल्या?"

"म्हणल्या, दिवसभरात काय काय खाता?" आणि मग छाया हसली. त्या हसण्यात मला तिचे किडके दात पहिल्यांदा दिसले.

पुढचं काही जादूनं झालं नाही. वाफा वर्षभर येतच राहिल्या. झोप आज येते, उद्या नाही. पण ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी, कधी अंबाडीची, कधी घोळीची पालेभाजी, दुपारी ताक, संध्याकाळचं जेवण दिवस असताना. ते झाल्यावर आम्ही दोघी हायवेच्या कडेनं चालायचो. ट्रकवाले हॉर्न द्यायचे. मी म्हणायची, "तुझ्यासाठी वाजवून राह्यला." ती म्हणायची, "तुम्हाला बाजूला सर म्हणून राह्यला, मावशी." मिसरी तिनं एकदाच सोडली, माझ्यासारखी पुष्कळदा नाही.

पाण्याचं मात्र अडलं होतं. वावरात आडोसा नाही तर पाणी पिणार कशी? शेवटी तिच्या मालकानं बांधाच्या कोपऱ्यात चार बांबू रोवले आणि मी शेडनेटच्या हिरव्या जाळीला आतून जुन्या चादरीचं अस्तर लावून चारी बाजूंचा पडदा शिवून दिला. दाराला खरी बटनं लावली. नवरीचे ब्लाउज शिवले, सरपंचीणबाईंचे शिवले, पण सगळ्यात कामाची शिलाई विचाराल तर ती. आजूबाजूच्या वावरातल्या बायकाही आता तिथंच जातात आणि छाया त्यांच्याकडे बघून म्हणते, आधी तांब्याभर पाणी प्या, मग आत जा.

दुखतंय त्या प्रत्येकीचं पोट गॅसचंच असतं असं मी म्हणत नाही. त्यानंतर एक बाई आली. तिला वर्षभर थांबून पुन्हा अंगावरून जात होतं. तिला मी दुकानात बसूही दिलं नाही, ज्योतीबरोबर थेट जालन्याला पाठवलं, आणि तिचा गाऊन एका बैठकीत शिवला. काहींना खरोखर काढावी लागते. कुणाला लागते ते मला सांगता येत नाही, म्हणूनच अजून जीव थाऱ्यावर नसतो. कापड समोर आलं की हात मशीनकडे जातो आणि पाय दाराकडे.

संक्रांतीला छाया तिळगूळ घेऊन आली. तीन महिन्यांचं दाखवून झालं होतं, गाठ वाढली नव्हती. लेकीकडे ओटभरण होतं, म्हणजे डोहाळजेवणच, खरोखरचं, लेकीचं, आणि त्यासाठी तिला नवा ब्लाउज आणि परकर शिवायचा होता. सकाळीच आली होती, चहाच्या आत. मी मापाचा ब्लाउज मागितला, ती म्हणाली, "तो आता ढगळ होतो. अंगावरच घ्या."

टेप शोधायला मी पडदा सारला, आणि खुंटीवरचा निळा गाऊन तिच्या समोर आला. मी तो घाईघाईनं खुंटीवरून काढला. म्हणाले, "हा... हा आत्ताच झाला शिवून. बटनं आली शेवटी."

छाया तिळगुळाचा डबा उघडत होती. "मावशी, तो पहिल्या खेपेलाच झाल्ता. पडद्याच्या फटीतून दिसायचा मला. पाचही बटनं लावलेली."

ज्योतीची मशीन थांबली.

मी इतके दिवस इतक्या हुशारीनं खोटं बोलले होते. पट्टा काय, लाईट काय. "मंग मागितला का न्हाई गं?"

"मागितला असता तर तुम्ही दिला असता की."

एवढं म्हणून तिनं तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि टेपसाठी दोन्ही हात वर करून उभी राहिली. मी टेप तिच्या कमरेभोवती नेला आणि सवयीनं थांबले, श्वास रोखण्याची वाट बघत. तिनं पोट आत ओढलं नाही.